एक जूनवाल्या

योगेंद्र सर पोरींचे चेहरे बघत नाहीत. पाय बघतात. बैलबाजारात लोक खूर बघतात ना, तसं.

धुळ्याच्या एका कॉलेजचे ते क्रीडा संचालक. जळगावला शाळांच्या विभागीय स्पर्धा असल्या की हा माणूस सकाळपासून सावलीची खुर्ची धरून बसतो. मांडीवर काळी डायरी, कानावर पेन्सिल. पोरगी आवडली की तिचं नाव पेन्सिलने लिहायचं. नाव लिहिलं म्हणजे होस्टेल, मेस, फी, बूट, सगळं कॉलेज बघणार. पोरीने फक्त पळायचं. पोरगी जिंकली की कॉलेजचा फ्लेक्स लागतो. त्यात तिचा फोटो अंगठ्याएवढा आणि संस्थेच्या अध्यक्षाचा दरवाजाएवढा.

आता असल्या माणसाच्या डायरीत आपल्या बहिणीचं नाव यावं म्हणून मी देवाला हात जोडत होते. लाज वाटत होती, पण जोडत होते.

बहीण म्हणजे सुनिता. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा. ती आश्रमशाळेत बारावीला. तीन हजार मीटर पळते. डायरीत नाव आलं तर ती धुळ्याला कॉलेजात जाणार. नाही आलं तर परीक्षा झाली की माझ्यासोबत सावद्याला केळीच्या पॅकिंगला. मी तिथेच आहे चार वर्षांपासून. त्याच शाळेत मीही पळायची, पण दहावीत अधीक्षकाने डाळीत अळी निघाल्यावर म्हटलं, काढून टाक आणि खा. मी काढली नाही. अख्खी वाटी त्याच्या शर्टावर टाकली. शाळेचा आणि माझा संबंध तिथे संपला.

मंग मी मैदानावर काय करत होते? तर मी लताबाई होते.

मुलींच्या संघासोबत बाई पाहिजे असा नियम आहे. आमच्या शाळेच्या लताबाईंच्या घरी साखरपुडा निघाला. क्रीडाशिक्षक सुकदेव सर कंत्राटी, कोणाला काही म्हणू शकत नाहीत. त्यांनी आदल्या दिवशी मला फोन केला, रूपा, एक दिवस येतेस का. लताबाईंचा नाव-वय लिहिलेला बिल्ला माझ्या ओढणीला लावला आणि सांगितलं, तोंड उघडू नको. मला ओळखणाऱ्या माणसाने मला असं सांगावं, म्हणजे बघा त्यांची अक्कल.

सकाळी आधी उद्‌घाटन. पोरी सात वाजेपासून उन्हात उभ्या, पाहुणे साडेदहाला आले. भाषणात खेळाडूंनी वेळ पाळावी असं सांगितलं. मंग पंचांचे प्रमुख रुपचंद सर यांचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. नशिराबादचे आहेत, पस्तीस वर्षं शिट्टी वाजवली, एकतीस मेला निवृत्त होणार. म्हातारा त्या शालीत घामाघूम झाला, पण काढेना.

एकतीस मे ऐकलं आणि माझे कान टवकारले. ते काबरं, ते पुढे सांगते.

शर्यत तीनला लागली. आठ पोरी, साडेसात फेऱ्या. सुनिताच्या एका बुटाची नाडी तुटली होती, तिथे मी केळीच्या खोक्याची सुतळी ओवून दिली होती. जामनेरकडच्या एका शाळेची हेमांगी पहिल्या फेरीलाच पुढे सुटली. नवे बूट, डोळ्यावर गॉगल, बाजूने तिचे भूपेंद्र सर स्टॉपवॉच घेऊन बोंबलत पळत होते. चौथ्या फेरीत सर थांबले, सहाव्यात हेमांगी थकली. सुनिता आपली एका चालीने चालली होती, पाण्याला निघाल्यासारखी. शेवटच्या फेरीत तिने सगळ्यांना मागे टाकलं. नंदुरबारची एक पोरगी दुसरी आली, हेमांगी तिसरी. राज्यावर जातात पहिल्या दोघी.

योगेंद्र सरांनी कानावरची पेन्सिल काढली. मी लांबून बघितलं. लिहिलं. मंग खाली उतरून आले, सुनिताच्या पायांकडे बघत म्हणाले, प्रमाणपत्र घेऊन ये, फॉर्म आजच भरू.

प्रमाणपत्र मिळालंच नाही. टेबलावरच्या माणसाने सांगितलं, हरकत आली आहे.

हरकत भूपेंद्र सरांची. तंबूत ते कागद घेऊन उभे होते. भिंतीवर लावलेली खेळाडूंची यादीच फाडून आणली होती त्यांनी आणि चार नावांखाली लाल रेघा मारल्या होत्या. चारही पोरी आमच्या शाळेच्या. चौघींची जन्मतारीख एक जून.

"ह्या बठ्ठ्या पोरी काय एकाच दिनले जल्मन्यात?" ते म्हणाले, आणि तंबूतले सगळे हसले.

हसायला मलाही आलं असतं, पण आमच्याकडे सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला असतो. माझा, सुनिताचा, आमच्या बापाचा, दिवल्याचा, पाड्यावरच्या प्रत्येक माणसाचा जो शाळेत एक दिवस तरी गेला. आई म्हणते सुनिता भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी झाली, म्हणजे होळीच्या आधी. पण मास्तरला भोंगऱ्या लिहिता येत नाही. शाळा जूनमध्ये उघडते, सहा वर्षं मोजून मागे जायचं आणि एक जून टाकायचं. मास्तरचं काम झालं.

भूपेंद्र सरांचं म्हणणं, तारखा बनावट आहेत, पोरी एकोणीसच्या वर आहेत, हाडांची तपासणी करा, तोपर्यंत निकाल थांबवा. तपासणीचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस. राज्याच्या स्पर्धा आठ दिवसांवर. म्हणजे हेमांगी जाणार, आणि रिपोर्ट आल्यावर सुनिताने तो पाड्यावर चुलीत घालायचा. सुकदेव सर हात जोडून उभे होते.

मी बाहेर बघितलं. योगेंद्र सर डायरीत काहीतरी खोडत होते. खोडून झाल्यावर फुंकर मारली, रबराचे कण उडवले, आणि हेमांगीजवळ जाऊन तिच्या पायांकडे बघायला लागले.

मंग माझं डोकं गेलं. तंबूत शिरले. त्या अख्ख्या तंबूत खोटी अशी मी एकटीच होते. कोणी बिल्ला नीट वाचला असता तर हरकतीची पण गरज नव्हती, संघच बाद झाला असता.

रुपचंद सरांनी विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, मुलींच्या संघाची व्यवस्थापक.

"बोला बाई."

"सर, तुमची जन्मतारीख काय?"

कोणी हसलं नाही. भूपेंद्र सर म्हणाले, बाईंना विषय समजलेला नाही. रुपचंद सर शालीचं टोक नुसतं कुरवाळत बसले.

आता सांगते माझे कान काबरं टवकारले होते. मी नववीत असताना आमच्या शाळेत एकाच मांडवात हेडमास्तर आणि दोन मास्तर यांचा निरोप समारंभ झाला, एकतीस मेला. तिघांना मिळून एक केक. मी शिपायाला विचारलं, तिघं एकदम कसे म्हातारे झाले? तो म्हणाला, कागदावर एक जून असला की आदल्या दिवशी घरी बसवतात, गावाकडचे मास्तर सगळे असेच जातात. तेवढ्यावर मी बोलले होते. मे महिन्यात जन्मलेला माणूससुद्धा एकतीस मेलाच निवृत्त होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर कदाचित तोंड उघडलं नसतं. बरं झालं नव्हतं माहीत.

"एक जून," रुपचंद सर म्हणाले. मंग भूपेंद्र सरांकडे वळले. "तुमची?"

"बारा ऑक्टोबर."

"कुठे जन्मले?"

"भुसावळला. रेल्वेच्या दवाखान्यात."

"तिथे घड्याळ असतं," रुपचंद सर म्हणाले. "आमच्याकडे मास्तर होता. त्याने माझा उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. कान हाताला लागला, म्हणून मी सहा वर्षांचा झालो. त्याच कागदावर नोकरी लागली, त्याच कागदावर मी आता घरी जातोय. शासनाला चालला."

मला वाटलं आता हा डोळे पुसेल, आणि मला ते नको होतं. पुसले नाहीत. त्यांनी चारही दाखले मागवले, शाळेच्या रजिस्टरची नक्कल मागवली, चष्मा लावून पानं जुळवली. पहिलीत नाव घातल्याची तारीख आणि बारावीचं साल यांचा हिशोब बोटांवर केला. मंग हरकतीच्या कागदावर लिहिलं, तारीख एक असणे हा पुरावा नव्हे, हरकत फेटाळली. भूपेंद्र सर म्हणाले, मी वर जाईन. रुपचंद सर म्हणाले, जा, मे महिन्याच्या आत जा म्हणजे मी भेटेन.

प्रमाणपत्रावर शिक्का मारताना त्यांनी मान वर न करता मला विचारलं.

"लताबाई, तुमची तारीख?"

"एक जून, सर."

"सालही तुमचंच सांगा, त्या बिल्ल्यातल्या बाईंचं नको."

सुकदेव सरांनी डोळे मिटून घेतले. रुपचंद सरांनी शिक्का उचलला, तोंडाने हाऽ करून त्याच्यावर वाफ सोडली आणि खाली दाबला. पुढचा कागद घेतला. माझ्याकडे परत बघितलंच नाही.

बाहेर आलो तर योगेंद्र सर हजर. हसत होते. त्यांना म्हणे आधीपासून खात्री होती, अशा खाणीतल्या पोरी ते बरोबर ओळखतात, आमचं कॉलेज हिऱ्याला पैलू पाडतं वगैरे. फ्लेक्सवरचं वाक्य तोंडपाठ होतं. मला वाटत होतं डायरी हिसकून नाल्यात फेकावी. वाटीसारखी. हात तिकडे गेलाही होता.

सुनिताने माझं मनगट धरलं. ती बोलत नाही जास्त. सकाळपासून तिने पाणी मागायला तोंड उघडलं असेल तेवढंच.

सरांनी डायरी उघडली. तिचं नाव खोडलेली जागा पांढरीफटक दिसत होती, आणि तिच्यावर हेमांगीचं नाव होतं. ते घाईने हेमांगीवर रबर फिरवायला लागले.

"सर, तिचं खोडू नका," सुनिता म्हणाली. "माझं खाली लिहा. पण पेनाने."

सरांनी पहिल्यांदा मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. खिसे चाचपले. पेन नव्हतंच, इतकी वर्षं लागलंच नसणार. मी मागे फिरले, तंबूत गेले आणि रुपचंद सरांच्या टेबलावरचं पेन न विचारता उचललं. ते बघत होते. बघू दे.

सरांनी गुडघ्यावर डायरी ठेवून लिहिलं. नाव, शाळा, तीन हजार मीटर, पहिला क्रमांक, होस्टेल. पुढे त्यांचा हात थांबला.

"जन्मतारीख?"

"तुम्हाला माहीत आहे," सुनिता म्हणाली, आणि खाली बसून बुटाची सुतळी सोडायला लागली.