फुंकरीची जागा

मुरबाडच्या सभागृहामागच्या खोलीत फिनाइलचा आणि गुलाबाच्या फवाऱ्याचा मिसळलेला वास होता. टेबलावर शाल, नारळ आणि सोनेरी प्लास्टिकचं सन्मानचिन्ह मांडलेलं होतं. चिन्हावर तबला होता. भगीरथने आयुष्यात तबल्याला हात लावला नव्हता.

असल्या सत्काराला तो एरवी फिरकला नसता. सत्कार ठेवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाला, हर्षितला, त्याने आधी नाहीच म्हटलं होतं. मग त्याच्या मनात आलं, म्हसा गावाहून मुरबाडपर्यंतचा प्रवास आईला अजून झेपेल. सकुबाईने मुलाला स्टेजवर वाजवताना कधीच पाहिलं नव्हतं, आणि तिचे कान वर्षागणिक मंद होत चालले होते. तिने एकदा ते ऐकावं, आणि ते तिचंच आहे हे तिला कळावं, एवढ्यासाठी तो आला होता.

कारण ते खरोखरच तिचं होतं. भाताची झोडणी झाली की सकुबाई ओट्यावर सूप घेऊन बसायची. दोन झोके, एक हिसका, मग हात थांबवून फुंकर. फुंकर किती लांब हे सुपात कोंडा किती यावर ठरायचं, म्हणून एकीसारखी दुसरी कधी नसायची. लहानपणी भगीरथ ते ऐकत शेजारी पडून राहायचा. पुढे तो लग्नाच्या हळदीला वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत ड्रम वाजवू लागला, आणि तिथून मुंबईच्या एका हॉटेलातल्या सॅक्सोफोनवाल्याने त्याला आपल्या जॅझ बँडमध्ये नेलं.

बँडला ताल धरून द्यायचा, ही ड्रमरची नोकरी. भगीरथ तारांच्या ब्रशने ड्रमवर पाखडल्यासारखं घासत जायचा आणि ऐन ठोक्याच्या जागी हात उचलून थांबायचा. या सवयीपायी त्याची दोन हॉटेलं सुटली. मग एका पियानोवाल्याच्या लक्षात आलं, की ती जागा रिकामी राहिली की बाकीचे एकमेकांचं ऐकू लागतात, आणि ऐकून वाजवलेलं जास्त चांगलं वाजतं. त्या पियानोवाल्याबरोबर भगीरथ जगभर हिंडला. आज परदेशातली तरुण मुलं त्या थांबण्याला ‘फुंकर’च म्हणतात, उच्चार वाकडा करून.

आईला त्याने घरी पत्र्याच्या डब्यावर ब्रश फिरवून दाखवलं होतं. ती हसली होती. “हे तर पाखडणं झालं रे. वाजव ना कायतरी.” तिच्या लेखी वाजवणं म्हणजे स्टेज, दिवे, माईक आणि समोर माणसं. आज ते सगळं होतं.

कार्यक्रमाआधी साउंडवाला रितेश लॅपटॉप घेऊन आत आला. पोरगा मेहनती होता, डोळे जागरणाने लाल झाले होते.

“काका, तुमची ती फेमस रेकॉर्ड घेतलीय. पण मधे मधे साउंड जात होता. फाइल खराब असेल. मी सगळे गॅप भरून टाकले.”

त्याने ऐकवलं. प्रत्येक फुंकरीच्या जागी डीजेचा जाड ठोका बसवला होता. एकही सुटली नव्हती. चांगली विहीर बुजवून वर फरशी घालावी, तसं ते गुळगुळीत झालं होतं. भगीरथला किळस आली. रितेश शाबासकीची वाट बघत उभा होता, आणि त्यामुळे ती आणखी वाढली, कारण थुंकायचं कुणावर हेच कळेना.

ती जागा मुद्दाम सोडलेली आहे, हे त्याने दोन-तीन प्रकारे सांगून पाहिलं. तेवढ्यात हर्षित आला. त्याच्यामागे एकसारख्या नऊवारीतल्या मुली होत्या, प्रत्येकीच्या हातात नाचासाठी प्लास्टिकचं रिकामं सूप.

“असू दे ना काका,” हर्षित म्हणाला. “शांत झालं की पब्लिक उठून जातं. तुमी ट्रॅकवर नुसता हात चालवा. ड्रमला माईक नाय लावलेत, उगाच घोळ नको.”

भगीरथने ब्रश पिशवीत टाकले आणि तो दाराकडे निघाला. पडद्याच्या फटीतून पहिली रांग दिसत होती. सकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती, आणि शेजारच्या ताराबाईला हाताने ड्रम दाखवत काहीतरी सांगत होती.

तो परत फिरला आणि ड्रमवर जाऊन बसला.

वाजवलं त्याने खरंच. झोके, हिसका, फुंकर. पण त्यातलं काही त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचलं नाही. त्याचा हात थांबे तेव्हा कर्ण्यांतून ठोका पडे. समोर मुली रिकामी सुपं उडवत होत्या आणि हसू ढळू देत नव्हत्या. आपण बुजगावण्यासारखे हात हलवतोय असं त्याला वाटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग शाल आली, नारळ आला, तबला आला. सकुबाई ताराबाईचा हात धरून स्टेजच्या पायरीशी आली होती.

“हितं बसलं रे,” ती छातीवर हात ठेवून म्हणाली. “सगळं ऐकाय आलं मला. येक ठोका सुटला नाय.”

भगीरथने विचारलं, त्या पोरींच्या हातातली सुपं पाहिलीस का.

“त्या नाचत होत्या. मी तुझ्याकडंच बघत होते.” तिने ताराबाईकडे पाहिलं. “तूच वाजवलंस ना रे सगळं? ही तारा म्हणते मशीन होती.”

ताराबाईने दुसरीकडे बघितलं. आईचा चेहरा इतका उजळलेला त्याने कधी पाहिला नव्हता. आता खरं सांगितलं असतं तर ते तिचंच आहे हे तिला कळलं असतं, निदान कळण्याची सुरुवात झाली असती.

“मीच वाजवलं,” तो म्हणाला.

“बघ गो,” सकुबाई ताराबाईला म्हणाली.

रितेश वायर गुंडाळत जवळ आला. आजी, तुमच्या फोनमध्ये टाकून देऊ का, रोज ऐकाल, असं त्याने विचारलं. सकुबाईने कंबरेच्या पिशवीतून फोन काढून पुढे केला. तो कसा उघडायचा हे तिला कधीच जमत नसे, म्हणून भगीरथनेच उघडून रितेशच्या हातात दिला.