धाकात वाढलेले किझिलजिक

मित्रांनो, पन्नास वर्षे मी या डोंगरातल्या गावात, सातिलमिशच्या अंगणात उभे आहे. अंगाने वाकडे, निम्मे पोकळ, असे मी किझिलजिकचे झाड. दूरच्या देशांत माझ्या कुळाला डॉगवूड म्हणतात. बर्फ पुरते वितळायच्या आधीच आम्ही पिवळे फुलतो आणि उन्हाळा सरताना लाल, आंबट फळे देतो.

आमचे बी दोन हिवाळे मातीत निजून राहते. सातिलमिशची बायको हमिदे, तिच्या आईने ते धीराने सांभाळले. लेक सासरी निघाली तेव्हा तिने माझे वीतभर रोप ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवले. "पाणी घाल, पण मुळाशी साचू देऊ नकोस," एवढेच ती म्हणाली. त्याच हिवाळ्यात आई वारली.

हमिदेने मला सकाळचे ऊन येईल अशा जागी लावले, बुंध्याभोवती वाळल्या पानांचे पांघरूण घातले. आठव्या वर्षी मी फळले. माझ्या फळांचा रस पिठात मळून, वाळवून ती हिवाळ्यातल्या सारासाठी ठेवी. कोणाला ताप आला की शेजारणी वाटी घेऊन दारात येत.

पण आमचे लाकूड फार चिवट. किझिलजिकची छडी मोडत नाही, हे गावातल्या प्रत्येक पाठीला ठाऊक होते. मास्तर यायचे आणि फांदी ओरबाडून न्यायचे. तिच्याबरोबर माझी हातभर साल सोलून जायची. सातिलमिश म्हणायचा, "माझ्या बापाने मला किझिलजिकची फळं कमी आणि छड्याच जास्त चारल्या." असे म्हणून हसायचा आणि त्याच छडीने खेचराला रक्त येईपर्यंत झोडायचा.

सोललेल्या जागेतून खोडकिडा आत शिरला. सालीखाली अळ्या मला रात्रंदिवस कुरतडू लागल्या. फळे निम्म्यावर आली.

आमच्याकडे एक रीत आहे. फळ न देणाऱ्या झाडाला वसंतात धाक घालायचा. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने झाडाला जामीन राहायचे. बाकीचे लोक कुऱ्हाडीची पाठ नुसती टेकवतात. सातिलमिशला लटके काही जमत नसे. जामीन दरवर्षी हमिदेच राही.

"तोडू का याला?"

"नको हो, मी जामीन आहे. पुढच्या वर्षी देईल."

"मागच्या वर्षीही तूच जामीन होतीस." एक घाव. "त्याच्या आदल्या वर्षीही तूच." दुसरा घाव.

प्रत्येक घाव म्हणजे किड्यांना नवे दार. पाच वसंत असे गेले. फळ घटत गेले तसा तो म्हणू लागला, धाक कमी पडतोय.

सहाव्या वसंतात तो एकटाच आला. कुऱ्हाड धार लावलेली होती. त्याने काही विचारले नाही. पहिला घाव थेट लाकडात बसला आणि मी शेंड्यापर्यंत हादरले. हमिदे गोठ्यातून धावत आली.

"आधी मला विचारा. रीत आहे."

"रीत झाली पाच वर्षं. आता सरपण. हो बाजूला."

"आईच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडं."

तिने माझ्या बुंध्याला पाठ टेकली. त्याने तिच्या खांद्याशेजारी दुसरा घाव घातला. सालीचा तुकडा उडून तिच्या गालावर बसला, रक्त आले. तिने गाल पुसला नाही. वळून ती उघड्या पडलेल्या जागेकडे बघत राहिली. आत भुसा होता, बोगदे होते आणि पांढऱ्या गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या.

तिने एक अळी चिमटीत धरून त्याच्यासमोर नेली. "हा बघा तुमचा चोर. तुमच्याच घावांतून आत शिरलाय. हा घाव गेल्या वर्षीचा, हा त्याच्या आदल्या वर्षीचा. हात घालून बघा."

त्याने बोट घातले. ते भुशाने भरून बाहेर आले.

"मला वाटलं, आळशी आहे," तो म्हणाला.

"तुमच्या वडलांनाही तुमच्याबद्दल असंच वाटायचं."

सातिलमिशने कुऱ्हाड खाली ठेवली. तो तार घेऊन आला. प्रत्येक भोकात तार खुपसून त्याने अळ्या चिरडल्या. करवतीचे पाते विस्तवावर धरून कुजलेल्या फांद्या पांढरे लाकूड लागेपर्यंत कापल्या आणि गावाबाहेर नेऊन जाळल्या. मित्रांनो, खरे सांगते, ती माया मला माराइतकीच दुखली. निम्मे अंग गेले. तिसऱ्या वर्षी मी कशीबशी एक वाटी फळे दिली. ती हमिदेने कोणाला दिली नाहीत. दोघांनी उंबऱ्यात बसून खाल्ली.

तुमच्या दारचे झाड फळेनासे झाले, तर त्याच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसा. भुसा सांडलाय का, साल मऊ लागते का, पाहा. गवत काढताना विळा खोडाला लागू देऊ नका. आम्हाला ओरडता येत नाही. जखम झाली की आम्ही फळ देणे थांबवतो. आमची हाक एवढीच असते.