झेंडूतली जुनी चूक

मित्रांनो, मी एक जुनी चूक आहे. झेंडूच्या प्रत्येक बीत एक मजकूर असतो. फुलाचा रंग कोणता, मूळ किती चिवट, सगळं त्यात लिहिलेलं. सायखेड्याच्या नवसाबाईंच्या वाफ्यात हा मजकूर उतरताना एक अक्षर चुकलं, तीच मी.

झाडाला मजकुराच्या दोन प्रती मिळतात. दोन्हींत मी असले तर फूल फिकट येतं. एकीतच असले तर फूल केशरीच, आणि मी आत गुपचूप.

नवसाबाईंना फिकट फूल मुळीच खपत नसे. बी त्यांच्या आईने लग्नात दिलेलं, त्यात भेसळ नको म्हणून तीस वर्षं त्या फिकट झाड उपटून बांधावर टाकत आल्या. शेवटी हजारात एखादंच सापडू लागलं. बाई निर्धास्त झाल्या. पण त्याच हजारांतल्या साठेक केशरी झाडांत मी दडून होते!

मग एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मुळं कुजवणारा मर रोग आला. आठ दिवसांत वाफे माना टाकून बसले. सून मनीषा म्हणाली, नांगर घालू, दुकानातून बी आणू. आईचं बी संपणार म्हणून बाईंचा जीव कासावीस झाला. त्या वाफ्यावाफ्यातून फिरल्या. मधूनच एखादं झाड टवटवीत उभं होतं. जिथे जिथे मी होते, तिथलीच मुळं तगली होती. फूल फिकट करणारं ते चुकलेलं अक्षरच मूळ चिवट करत होतं, आणि त्याला एक प्रतही पुरत होती. बाईंनी तेवढ्यांचंच बी धरलं.

पुढच्या साली वाफा फुलला आणि मीच थक्क झाले. कुठे हजारात एक, आता चारांत एक झाड फिकट! बाईंचा हात सवयीने पुढे गेला. इतक्यात रोग पुन्हा आला. काही केशरी झाडं कोमेजली, फिकट एकही नाही. बाईंनी एका फिकट झाडाच्या बुंध्याला माती लावली.

"मनीषा, ही फिकट झाडं मी तीस वर्सं उपटली गं. आता हात लावायचा नाय."

मित्रांनो, रोग येणार हे मला ठाऊक नव्हतं. माझ्यासारख्या बहुतेक चुका कुणाच्याच कामी येत नाहीत, काही तर घात करतात. मी फक्त शिल्लक होते. म्हणून एवढंच मागते, वेगळं दिसलं म्हणून लगेच उपटू नका. नवसाबाईंच्या आईचं बी आज माझ्यामुळे जिवंत आहे, आणि त्या मला ओंजळीत घेऊन पेरतात.