आयलीचं पिस्तूल

रॉयने सोबत यावं असं आयलीला मुळीच वाटत नव्हतं. पण थोरला भाऊ न विचारता तिच्या गाडीत येऊन बसला आणि लेन्नीच्या दुकानापर्यंत सूर्यफुलाच्या बिया फोडत राहिला. टरफलं तो खिडकीतून थुंकायचा. निम्मी बाहेर जायची, निम्मी दाराला चिकटायची. दुकानाची पायरी चढण्याआधीच तिचं डोकं तापलं होतं.

आत गेल्यावर ते आणखी तापलं. प्रश्न ती विचारत होती आणि लेन्नी उत्तरं देत होता रॉयला.

"हलकं आहे," हिरव्या कापडावर एक बुटकं पिस्तूल ठेवत लेन्नी रॉयला म्हणाला. "पर्समध्ये मावतं. आणि हा रंग बायकांना आवडतो."

रंग जांभळट होता. आयलीने त्याला हातही लावला नाही.

"मग तुझ्या बायकोला दे."

"ती गेली तेव्हाच माझी दुनळी घेऊन गेली. तिला आता कशाची गरज नाही."

रॉय खो खो हसला. लेन्नी आयलीच्याच वर्गातला. रसायनशास्त्राच्या परीक्षेत तिच्या शेजारी बसायला मिळालं म्हणून पास झालेला. आयलीने पुढे जन्मभर गावच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं, नळाला येणाऱ्या पाण्यात काय आहे आणि काय नाही हे तिच्या सहीने ठरायचं. तरी या दुकानात तिच्या बोलण्याला रॉयची साक्ष लागत होती.

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, नव्या शिकाऊ मुलाला सांगावं तसं. पर्समध्ये ठेवायला नको. चोराला घाबरवायला नको. शनिवारी युहान्नुस, फिनिश लोकांचा भर उन्हाळ्यातला सण. तळ्याकाठच्या झोपडीमागे खडीच्या खाणीत हार्यू घराण्यातले सगळे जमणार आणि दोरीला टांगलेली डब्यांची झाकणं पाडणार. त्यासाठी पॉइंट टू टूचं, आपोआप पुढची गोळी भरणारं पिस्तूल हवं. नळी लांब आणि जड हवी, म्हणजे टोकावरची माशी, नेम धरायची ती बारीक खूण, नाचत नाही. मूठ तिरपी हवी, म्हणजे मनगट न वाकवता नेम लागतो. मागचा खटका सुजलेल्या अंगठ्याने ओढता आला पाहिजे. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या गोळ्यांवर ते न अडकता चाललं पाहिजे.

"रिव्हॉल्व्हर घे," रॉय म्हणाला. "माझ्यासारखं. त्यात अडकायला काही नसतंच. ही आपोआपवाली म्हणजे लाडावलेली पोरं, जरा कुठे दुखलं की रुसून बसतात."

रॉयचंच रिव्हॉल्व्हर उसनं घेऊन तीन युहान्नुस तिने काढले होते. त्याचा चाप इतका जड, की ओढताना नेम खाली जायचा. तिसऱ्या वर्षी तिची चार झाकणं हुकली तेव्हा रॉय सगळ्यांसमोर म्हणाला होता, म्हातारी झाली आपली आयली. ज्याने शेवटचं झाकण पाडलं त्याने सॉनात, म्हणजे लाकडी वाफघरात, सगळ्यांत आधी जायचं आणि तापल्या दगडांवर पहिलं पाणी टाकायचं, ही त्यांच्या घरची रीत. ते पाणी वर्षानुवर्षं आयलीने टाकलेलं. हल्ली रॉय टाकायचा, आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या जोरात आतून सुस्कारे सोडायचा.

त्या वर्षांत तिच्या हातात बाबांचं पिस्तूल असायचं. एनो हार्यू लोखंडाच्या खाणीत राबलेला माणूस, बोलायला कंजूष. त्यांनी लेकीला नेम शिकवला तोही जवळजवळ मुक्यानेच. दोनच नियम त्यांनी तोंडाने सांगितले. रागावलेल्या माणसाने बार उडवायचा नाही. आधी कॉफी प्यायची, मग यायचं. आणि या पिस्तुलाला उगाच उघडायचं नाही, मागून ब्रश घालायचा, तेलाचा थेंब सोडायचा, बस. एकदा सॉनात घाम निथळत असताना ते भिंतीकडे बघून म्हणाले होते, "माझ्यानंतर ते आयलीचं." तेव्हा रॉयही तिथेच होता.

मग बाबा थकले, शुश्रूषागृहात गेले, आणि त्या हिवाळ्यात आयलीने झोपडीतला खण उघडला तर तो रिकामा. रॉय म्हणाला, बाबांनी विकलं. कुणाला, कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिने बाबांना विचारलं नाही. हार्यूंच्यात विचारत नाहीत. दिला शब्द मोडला तर मोडणाऱ्याने आपण होऊन सांगायचं असतं. समोरच्याने हात पसरून जाब मागणं ही त्याहून मोठी लाज. तिने मूग गिळले. दर रविवारी ती शुश्रूषागृहात जात राहिली, खुर्चीत ताठ बसून हवेबद्दल आणि रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलत राहिली. एका रविवारी बाबांनी विचारलं होतं, "खडीच्या खाणीत जातेस की नाही?" आणि ती म्हणाली होती, "कशाने जाऊ?" बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना प्रश्न कळला नव्हता. तिला वाटलं, कसे साळसूदपणे बघतायत. बर्फ वितळायच्या आत ते गेले, आणि पुरून आल्यावरही तिचा राग निवला नव्हता. मेलेल्या माणसावरचा राग फार वाईट, तो कुठे ठेवावा कळत नाही.

लेन्नीने आणखी दोन काढली. एकाची मूठ तिच्या पंजाला आखूड पडत होती. दुसरं नव्या घडणीचं, मागे एक बटण दाबलं की खेळण्यासारखं मधोमध उघडणारं. ते तिला बरं वाटलं. तिने मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली, भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या माशाच्या डोळ्यावर नेम धरला. हात स्थिर राहिला.

"थांब," लेन्नी म्हणाला. पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघून बोलत होता. "तुला लांब नळी हवी ना? एक जुनं आलंय." तो वाकला आणि खालच्या फळीवरून एक पिस्तूल काढून त्याने कापडावर ठेवलं.

बाबांच्याच घडणीचं होतं. तीच गोल, निमुळती नळी, तीच तिरपी मूठ. बाबांच्या पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर अंगठ्याखाली एक ओरखडा होता, याच्यावर तो नव्हता. पण ती उचलायला गेली तर हातच आधी पुढे गेला, मन मागून आलं. नेम धरायला तिला डोळा मिटावाही लागला नाही.

"ते नको," रॉय म्हणाला.

"का?"

"ते साफ करायला उघडलं की परत बसत नाही. उघडायला सोपं, मुठीच्या मागची पट्टी ओढली की निघतं सगळं. पण बसवताना आतला घोडा नेमका पुढे असायला लागतो, आणि त्याची ती बारकी काडी लोंबत असते, ती पट्टीतल्या स्प्रिंगवर बसली पाहिजे. ती बसतच नाही. रात्रभर डोकं आपट, बसत नाही." बोलता बोलता त्याचे दोन्ही हात हवेत ती पट्टी दाबत होते.

आयलीने पिस्तूल खाली ठेवलं. आयुष्यभर रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या माणसाच्या बोटांना ही पट्टी कशी ठाऊक?

"तुला कसं माहीत?"

"सगळेच म्हणतात."

"काडी लोंबते हे सगळे म्हणतात?"

रॉयने बियांच्या पुडीत बोटं घातली. लेन्नी बिचारा दोघांकडे बघत होता. वातावरण हलकं करावं म्हणून तो हसला.

"अगं, हा आला होता की घेऊन. आइस्क्रीमच्या डब्यात सगळे भाग सुटे, व्हॅनिलाचा वास येत होता. म्हणाला, पाहिजे तर घे, मला डोळ्यांसमोर नको. कॉफी निवायच्या आत बसवलं मी. बाहेरगावचा एक जण सुट्टीला आला होता, त्याने नेलं. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

लेन्नी मासे धरायची गांडुळं ठेवायचा ती शीतपेटी उघडून रॉय आत बघायला लागला.

"बाबांना भेट द्यायची होती," तो म्हणाला. "चकचकीत करून. ते तिथे पडून होते, म्हटलं, बघून बरं वाटेल. मग ते बसेना."

"मला विचारायचं होतंस."

"तू हसली असतीस."

"हसले असते. पोट धरून हसले असते, आणि बसवून दिलं असतं. मग लेन्नीने बसवलं तेव्हा परत का नाही आणलंस?"

"मला कळेस्तोवर याने विकलंही होतं. आणि मग..." त्याने खांदे उडवले.

"आणि मग बाबांनी विकलं म्हणून सांगितलंस."

"कुणाचं तरी नाव घ्यायला लागणार होतं."

"मी त्यांना विचारलं असतं तर?"

रॉयने तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत लाज होती, पण तिच्यामागे एक जुनी, घरगुती खात्रीही होती. तीच तिला जास्त लागली.

"तू विचारणार नव्हतीस," तो म्हणाला. "ठाऊक होतं मला."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ते आयलीला आजवर बोलण्याची पद्धत वाटायचं. आता ती आग पोटरीतून, पाठीतून वर सरकताना तिला मोजता आली असती. तिने पिस्तूल उचललं. मॅगझिन काढलं, मागचा खटका ओढून नळी रिकामी आहे हे पाहिलं, मुठीमागची पट्टी ओढली, आणि लेन्नी काही म्हणायच्या आत नळी, मूठ, दट्ट्या आणि पट्टी हिरव्या कापडावर सुटी करून रॉयपुढे सरकवली.

"बसव."

"आयली."

"बसव म्हणते ना."

त्याने प्रयत्न केला. जाड बोटांनी त्याने पट्टी आत ढकलली, ती अर्ध्यात अडली. काढली, पुन्हा ढकलली. कपाळावर घाम आला. लेन्नीने मदतीला हात पुढे केला तेव्हा आयलीने नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने हात मागे घेतला. तिसऱ्यांदा पट्टी अडली तशी रॉयने सगळं कापडावर ठेवून दिलं आणि तो दाराकडे बघत उभा राहिला.

मग तिने ते घेतलं, बाबांना कधीकाळी करताना पाहिलेलं तसं. चाप दाबून घोडा पुढे पाडला, नळीचं तोंड वर करून पिस्तूल असं कललं धरलं की आतली काडी आपल्या वजनाने हवी तिथे लोंबली, आणि पट्टी मिटली. टक्कन आवाज झाला.

"वजनाने होतं ते," ती म्हणाली. "जोराने नाही."

नव्या घडणीचं बटणवालं पिस्तूल अजून शेजारी होतं. सोय त्यातच जास्त होती, हे तिच्या डोक्याला पक्कं कळत होतं. तिने ते लेन्नीकडे परत सरकवलं आणि शेरीफच्या कचेरीतून आणलेला परवाना जुन्या पिस्तुलापाशी ठेवला. लेन्नीने फोनवर तिच्या नावाची चौकशी केली, साध्या गोळ्यांचे दोन खोके पिशवीत घातले, आणि या सगळ्या वेळात रॉयकडे एकदाही बघून बोलला नाही.

बाहेर रॉय तिच्या गाडीच्या दाराशी उभा होता.

"तू चालत ये," ती म्हणाली.

"पाय दुखतात माझे."

"म्हणून तर."

"शनिवारी येणार ना तू?"

"येणार. झाकणं तू टांगायचीस. आणि मी सांगेन म्हणून वाट बघायची नाही. सगळे जमले की सांगायचं, बाबांनी विकलं नव्हतं. तुझ्या तोंडाने."

त्याने मान हलवली की नाही, हे बघायला ती थांबली नाही.

ती घरी गेली नाही, खडीच्या खाणीत गेली. जूनमध्ये तिथे दिवस मावळता मावळत नाही. उतरणीवरच्या दगडांवर अजून ऊन होतं. गेल्या वर्षीची दोरी बर्चच्या आडव्या दांड्याला तशीच लोंबत होती. तिने दाराला चिकटलेली टरफलं नखाने खरवडून काढली आणि गाडीच्या मागच्या फळीवर बसून मॅगझिन भरलं, एक एक गोळी अंगठ्याने दाबत. मग उभी राहिली, दांड्याच्या गाठीवर नेम धरला.

माशी नाचत होती. पिस्तुलाचा दोष नव्हता. रागाचा होता.

रागावलेल्या माणसाने बार उडवायचा नाही. तिने मॅगझिन काढलं, नळी तपासली, पिस्तूल पिशवीत ठेवलं आणि गाडीतल्या डब्यातली थंड झालेली कॉफी प्यायली. राग गेला नाही. रॉयवरचा जाईल कधीतरी, युहान्नुसला नाही तर नाताळात. पण शुश्रूषागृहातल्या खुर्चीत ताठ बसून बाबांना "कशाने जाऊ" म्हणाली होती ती आयली, तिला चालत घरी पाठवता येत नव्हतं.

ऊन दगडांवरून खाली सरकलं. आयली पुन्हा कॉफी ओतून घेत म्हणाली, "जाते, बाबा. शनिवारी जाते," आणि गोळ्यांचा खोका घट्ट मिटून घरी निघाली.