तीन नंबरचं तोंड

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिने मीटरचा इलेक्ट्रोड धुतला, टिपकागदाने टिपला आणि चौथ्यांदा नमुन्याच्या बाटलीत बुडवला. मीटरवरचा आकडा घरंगळत खाली आला आणि पाच पूर्णांक दोनवर थांबला. जलाशयाच्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास हवा होता; त्याखाली म्हणजे पाण्यात आम्ल.

"मीटरच बिघडलाय," इंजिनिअर दारातून म्हणाले.

"सकाळपासून दोनदा तपासलाय, साहेब. ओढ्यापर्यंत जाऊनही आले. तिथं तर साडेतीन. दगड नारिंगी पडलेत आणि पाण्यात औषधाला बेडूक नाही."

जलाशयाला मिळणारा तो ओढा जुन्या खाणीच्या डोंगरावरून येत होता. इंजिनिअरनी खाण बंद झाली तेव्हाची फाईल तिच्यापुढे सरकवली.

"खाणीची तिन्ही तोंडं भिंत घालून बुजवली, असं यात लिहिलंय. मग हे येतं कुठून? उगम दाखवा, लगेच व्हॉल्व्ह बंद करतो. अख्ख्या शहराचं पाणी तोडायचं म्हणजे पोरखेळ नाही, बाई."

शेवटच्या पानावर सर्व्हेअरची सही होती. सहीच्या टोकाचा तो लांब फराटा तिने दहा वर्षं स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पाहिला होता.

फाईल घेऊन ती भरदुपारी घरी पोचली. अप्पा ओट्यापाशी मिक्सर उघडून बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातली एकही वस्तू बिघडलेली राहू दिली नव्हती. धड चालूही राहू दिली नव्हती.

"अप्पा, ओढ्याचं पाणी बिघडलंय."

स्क्रूड्रायव्हर थांबला.

"दगड नारिंगी झालेत?"

दगडांचं तिने नावही काढलं नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि फाईल मांडीवर घट्ट धरून राहिली.

"तीन नंबरला भिंत नाहीये," अप्पा मिक्सरकडे बघतच म्हणाले. "सिमेंट संपलं होतं. नुसती दगडमाती लोटली. आतला दगड गंधकाचा, हवापाणी लागलं की आम्ल सोडतो. वरचे म्हणाले, पुढच्या महिन्यात भिंत घालू, आज सही करून टाका."

"आणि तुम्ही केलीत? लोक पितात ते पाणी, अप्पा! तुमची नात पिते!"

अप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. एकेक स्क्रू वाटीत टाकला, हात धुतले आणि चपला शोधू लागले.

अर्ध्या तासाने ते इंजिनिअरच्या टेबलापुढे बसले होते. नकाशावर बोट ठेवून त्यांनी जागा दाखवली. इंजिनिअरनी फोन उचलून व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला, टँकरची व्यवस्था लावली आणि मग जरा चाचरतच विचारलं, "आजोबा, हे लेखी द्याल?"

"त्यासाठीच आलोय."

अप्पा लिहू लागले. खाडाखोड एकही नव्हती. ती खिडकीशी उभी होती. त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

इंजिनिअरनी तिचं रोजचं रजिस्टर पुढे ओढलं.

"एक कळत नाही, बाई. दवाखान्यात कळवायचंय, लोक किती दिवस हे पाणी पितायत ते. पण तुमच्याकडे तर दीड महिना सात, सात, सात. काल सात आणि आज एकदम पाच?"

तिने रजिस्टरात वाकून पाहिलं. अक्षर तिचंच होतं, टापटीप. दीड महिन्यापूर्वीच्या त्या सोमवारी मीटरने सहा पूर्णांक तीन दाखवले होते. मीटर जुना आहे, उगीच वरच्यांची बोलणी कशाला खायची, म्हणून तिने सात लिहिलं होतं. मंगळवारी पुन्हा सातच. पुढे पुढे बाटली न भरताच. आज नळाचं पाणी जिभेला तुरट लागलं, तेव्हा कुठे तिने ती पुन्हा भरली होती.

"बाई?"

अप्पांनी सही केली. फराटा या वेळी आखूडच आला. ते पेनाला टोपण लावू लागले.

"पेन उघडंच राहू द्या, अप्पा," ती म्हणाली. खुर्ची ओढून ती त्यांच्याशेजारी बसली आणि तिने टेबलावरचा एक कोरा कागद आपल्याकडे घेतला.