फिरतं सेंटर

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे आणि अजून तरी माझ्या जागेवर आहे. ‘अजून तरी’ म्हणतो, कारण माझा स्वभावच संशयी आहे. आयुष्यभर भाषणं ऐकली की कुणालाही असा स्वभाव जडतो.

वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझं धड घडवलं गेलं. मग मला बरेच महिने उघड्यावर तसंच पडू दिलं. आपल्याला विसरले, असं मला वाटलं. पुढे कळलं, की ओतीव लोखंड असं मुरू दिलं नाही तर नंतर वाकडं होतं. पण संशयाची सवय लागली ती तेव्हापासूनच.

नंतर सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या वर्कशॉपमध्ये मला जमिनीत बोल्ट ठोकून बसवलं. लोखंडी सळई अडकवून गरगर फिरवायची आणि हत्यारानं तासू द्यायची, हे माझं काम. माझ्यावर हात बसलेली मुलं कारखान्यांत लागली. काही जण लग्नानंतर बायकोला मुद्दाम मला दाखवायला घेऊन आले. बायका कंटाळून दाराकडे बघत, पण मला बरं वाटायचं.

पुढे छत गळू लागलं. पाहुणे यायचे, माझ्या अंगावर हात ठेवून ‘हीच आपली खरी संपत्ती’ म्हणायचे आणि हाताला लागलेलं तेल माझ्याच फडक्याला पुसून निघून जायचे. फडकं मात्र कुणी नवीन दिलं नाही.

यंदाच्या तुकडीत एक बाई आल्या, सगळे त्यांना वहिनी म्हणू लागले. चाळिशीच्या. त्यांचा कपड्यांचा कारखाना बंद पडला होता. घरी सासरे आणि दोन मुली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनात म्हटलं, ही चार दिवसांची पाहुणी.

‘‘वहिनी, बाह्या वर घ्या,’’ आमचे शिकवणारे मास्तर म्हणाले. ‘‘याला माणसं ओळखता येत नाहीत. हा बाही धरून ओढतो.’’

‘‘माझी नणंदही तशीच आहे,’’ वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या. त्या टिकल्या. पंपाच्या कारखान्यानं त्यांच्यासाठी जागाही धरून ठेवली. अट एकच, यंदाचीच परीक्षा पास व्हायची. ती परीक्षा याच खोलीत, माझ्यावरच होणार होती.

अशातच बातमी आली, की प्रशिक्षण केंद्रं बांधायला आणि सुधारायला सरकारकडून निधी आला आहे. काय हवं ते विचारायला खात्याच्या साहेबांचा फोन आला. मास्तर हरखून गेले.

‘‘छत गळतंय, साहेब. आणि सेंटर डेड आहे, पार झिजलंय. फिरतं सेंटर मिळालं तर फार बरं होईल.’’

मित्रांनो, फिरणाऱ्या सळईचं दुसरं टोक ज्या अणकुचीदार तुकड्यावर टेकतं, त्याला आम्ही सेंटर म्हणतो. जागचं हलत नाही ते डेड सेंटर. सळईबरोबर फिरतं ते फिरतं सेंटर. मुठीत मावणारी वस्तू आहे ती.

महिन्याभरानं आवारात एक भलीमोठी बस येऊन उभी राहिली. अंगावर रंगवलं होतं, ‘फिरते प्रशिक्षण केंद्र’. आत पडदे होते, गुबगुबीत खुर्च्या होत्या. माझ्यासारखा एकही नव्हता. मी चढलो असतो तर चाकंच बसली असती म्हणा.

‘‘तुम्हीच म्हणालात ना, सेंटर डेड आहे, फिरतं पाहिजे?’’ साहेब म्हणाले. ‘‘घ्या. आता ही इमारत कशाला हवी? उद्या कुलूप.’’

मास्तरांनी माझ्या शेपटाकडचा तो झिजलेला तुकडा काढून साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला.

‘‘हे?’’

‘‘हेच, साहेब.’’

साहेबांनी तो मास्तरांना परत दिला आणि म्हणाले, ‘‘आता निधी गाडीत गेला. वर सगळ्यांना कळवून झालंय.’’

ऐकणाऱ्याची चूक झाली, असं मास्तर आजही म्हणतात. ते भोळे आहेत. तो फोन येण्याआधीच दोन माणसं टेप घेऊन आमचं आवार मोजून गेली होती, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामा कुलूप घेऊन आले. परीक्षा चार दिवसांवर होती. वहिनी माझ्यावर काम करत होत्या. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं खात्यानंच लावलेली पाटी होती : ‘मशीनवर काम चढवलेले असताना वर्कशॉप बंद करू नये.’

मामांनी पाटी सावकाश वाचली. ‘‘काम कधी उतरणार?’’

‘‘झालं की उतरणार.’’

‘‘मग मी बसतो,’’ म्हणत मामा दारातल्या स्टुलावर बसले. मला त्यांचाही संशय आला. पण बाकीची पोरं हुशार निघाली. एकाचं काम उतरलं की दुसऱ्याचं चढलेलंच असे. रात्री मास्तर माझ्याशेजारी सतरंजी टाकून झोपत. असा मान मला उमेदीच्या दिवसांतही कुणी दिला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटत होती. झिजलेलं सेंटर तापतं, सळई थरथरते आणि माप बिघडतं. वहिनी बोटानं पुन्हापुन्हा तिथं ग्रीस भरत होत्या, मशीन थांबवून माप घेत होत्या, पुन्हा चालवत होत्या. शेवटी परीक्षकांनी सळई मोजली आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे. पास.’’

वहिनी खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. मग उठल्या, हात धुतले, पिशवी खांद्याला लावली. माझ्यावर आता कुणाचंच काम नव्हतं. तुकडीची परीक्षा संपली होती. शिपाईमामा स्टुलावरून उठले. मी मनात म्हटलं, गरज सरो, वैद्य मरो. हिचं काम झालं, आता आपलं झालं.

वहिनी दारापर्यंत गेल्या. तिथून परत आल्या. बाकाखालची एक गंजकी, न तासलेली सळई त्यांनी ओढून काढली आणि माझ्यात घट्ट आवळली.

‘‘हे कुणाचं काम?’’ मामांनी विचारलं.

‘‘पुढच्या तुकडीचं.’’

‘‘ती तुकडी तर अजून आलीच नाही.’’

‘‘म्हणून तर चढवून ठेवलंय.’’

मामा पुन्हा स्टुलावर बसले. या वेळी मला वाटलं, त्यांना बसायचंच होतं.

मित्रांनो, वहिनी आता पंपाच्या कारखान्यात कामाला आहेत. ती सळई अजून माझ्यात अडकलेली आहे आणि दार उघडं आहे. यंत्रांची काळजी घ्या, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मीही सांगतो, तेल घाला, गंज पुसा. पण नुसत्या पुसलेल्या यंत्रालाही कुलूप लागतं. तेव्हा तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल, तर या. बाह्या वर करा आणि त्या सळईला हात लावा.

फक्त लवकर या. मामा पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी येणारा माणूस कसा असेल, याचा मला भरवसा नाही.