श्रीकृष्णरावांची शिवाशिव

जगातल्या झाडून सगळ्या रोगांनी आपला पत्ता लिहून ठेवला आहे, याबद्दल पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या श्रीकृष्णरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कोरोना आला तेव्हा सगळं यवतमाळ घाबरलं, तसे तेही घाबरले. पुढे यवतमाळनं ती भीती सोडून दिली. श्रीकृष्णरावांनी तिला घरजावई करून घेतलं. दुधाची पिशवी साबणानं न्हाल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. भाजी पोटॅशच्या पाण्यात अशी बुडवली जाई की मेथी चुलीवर चढण्याआधीच अर्धमेली होई. दार कोपरानं उघडायचं, दिव्याचं बटण पेनानं दाबायचं. एखाद्या डॉक्टरनं 'तुम्हाला काहीही झालेलं नाही' असं सांगितलं की हे डॉक्टर बदलायचे. गावातले डॉक्टर आता संपत आले होते.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात; आमच्याकडे तो दोन वेळचं जेवून खाऊन राहतो, असं त्यांच्या पत्नी सुचित्राबाई शेजारणींना सांगत. श्रीकृष्णराव स्वतःला मात्र विज्ञाननिष्ठ म्हणवत. त्यांचे आजोबा सोवळं नेसून जेवत, वाटेत कुणी शिवलं तर पुन्हा आंघोळ करत. या गोष्टीची श्रीकृष्णरावांनी जन्मभर टिंगल केली. ते स्वतः बाहेरून आले की आंघोळ करत, कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालत आणि त्या दोरीला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेत. पण ते विज्ञान होतं.

तर अशा माणसाला दारव्ह्याजवळच्या एका शेतात रोडगे खायचं आमंत्रण आलं.

आमंत्रण टाळण्यासारखं नव्हतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, भैरवीला आयुषशी लग्न करायचं होतं, आणि शेत आयुषच्या वडिलांचं, पुंडलिकरावांचं होतं. जात वेगळी, पण श्रीकृष्णरावांनी हूं की चूं केलं नाही. आम्ही असलं काही मानत नाही, हे त्यांनी फोनवर मोठ्या आवाजात सांगून टाकलं होतं. त्यावर पुंडलिकराव म्हणाले होते, मग या, पोरीचा बाप आमच्या पंगतीत जेवला की बोलणं पक्कं. निघताना भैरवीनं गाडीत एवढंच सांगितलं की बाबा, आज फक्त जेवा, दुसरं काही मागत नाही. श्रीकृष्णरावांनी मास्कच्या आतून होकार दिला.

शेतावर बाभळीखाली सतरंजी अंथरली होती. श्रीकृष्णरावांनी तिच्यावर घरून आणलेला कागद पसरला आणि त्यावर बसले. पाण्याचा तांब्या पुढे आला, त्यांनी पिशवीतून आपली बाटली काढली. पुंडलिकरावांनी ते पाहिलं आणि तांब्या तसाच मागे घेतला. पलीकडे गोवऱ्यांचा आर फुलला होता आणि आयुष त्यातून कणकेचे भाजलेले गोळे काठीनं उकरून काढत होता. गोवरी कशाची असते हे श्रीकृष्णरावांना माहीत होतंच. पुंडलिकरावांनी ते रोडगे पोत्यावर घोळून राख झाडली, एकेक उघड्या हातानं फोडला आणि त्यात तूप सोडलं. शेण, पोतं, हात. श्रीकृष्णरावांच्या पोटात एकही घास गेला नव्हता, तरी जुलाब, कावीळ आणि टायफॉइड सुरू झाले.

खरं तर आरात तासभर भाजलेल्या गोळ्यात कुठला जंतू जिवंत राहणार? सगळ्या दारव्हा तालुक्यात त्या दुपारी त्याहून शुद्ध अन्न शोधून सापडलं नसतं. पण विज्ञान असं ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

पत्रावळी मांडल्या. पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत हात लावणार नव्हती. सगळे श्रीकृष्णरावांकडे बघत राहिले, वांग्याची भाजी निवायला लागली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की आज माझी संकष्टी आहे.

आयुषच्या आईला, बेबीताईंना पंचांग तोंडपाठ होतं. संकष्टी मागच्याच आठवड्यात झाली, असं त्या हळूच म्हणाल्या. सुचित्राबाईंनी डोळे मिटून घेतले.

पुंडलिकरावांनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. "भाऊ, खरं सांगा, आमच्या हातचं तुमाले चालत नाही ना? माह्या आज्याले तुमच्या लोकांच्या ओसरीवर वरून पानी टाकत, ओंजळीत. मले वाटलं ते दिवस गेले. असंच करायचं होतं, तं पोरीले आमच्या घरी कायले देता?"

श्रीकृष्णरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात त्यांना सगळे रोग होऊन गेले होते, पण हा आरोप पहिल्यांदाच झाला होता. त्यांनी घाईघाईनं सांगितलं की तसं नाही, मला जंतूंची भीती वाटते.

"आमच्याच घरी असते का जंतू?" पुंडलिकरावांनी विचारलं.

सुचित्राबाईंनी सावरायचा प्रयत्न केला, पण बायको नवऱ्याची बाजू घेणारच, म्हणून तो कुणी मनावर घेतला नाही. आयुष राखेत काठी फिरवत राहिला. लग्न मोडलं असं भैरवीच्या तोंडावर दिसत होतं. मग तीच बोलली, अगदी साध्या आवाजात.

"काका, बाबा जात पाळत नाहीत. ते मलाही शिवत नाहीत. मागच्या पावसाळ्यात मला डेंगू झाला, तेव्हा आई उमरखेडला मामाकडे होती. बाबा ताट दाराबाहेर ठेवायचे आणि लांबून ताप विचारायचे. डेंगू शिवून होत नाही, हे त्यांना माहीत होतं."

श्रीकृष्णरावांना ते खरंच माहीत होतं. त्यावरचं एक पत्रकच त्यांनी फ्रिजवर चिकटवलं होतं.

पुंडलिकरावांचा राग उतरला आणि त्याच्या जागी दया आली. ती जास्त वाईट होती. बेबीताई उठल्या आणि पिठानं माखलेला हात त्यांनी भैरवीच्या कपाळाला लावला, जणू ताप अजून उतरायचा होता. "मले फोन करायचा न, बाई," त्या म्हणाल्या. पुंडलिकरावांनी जाहीर केलं की बोलणं पक्कं, भाऊ जेवोत नाहीतर न जेवोत. पंगत सुरू झाली.

श्रीकृष्णराव निर्दोष सुटले होते. जातीचा आरोप परवडला असता, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी मास्क काढला, रोडगा उचलला आणि राखेसकट खाल्ला, दुसराही घेतला. त्यांच्याकडे आता कुणीही बघत नव्हतं. जेवण झाल्यावर ते उठून भैरवीपाशी गेले आणि त्यांनी तिच्या डोक्याकडे हात नेला.

बाबांना पलीकडे जायचं असेल, त्यांना धक्का लागायला नको, म्हणून भैरवी सवयीनं बाजूला सरकली.